गाण्याची उजवी बाजू

४ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं तुमचं अक्षर बघूनच बरं वाटलं. घशाच्या ऑपरेशननंतर तुमचा फोन बंद झाला आणि माझ्या घरातला निम्मा आवाज गेला. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय ना, मग बोलू नका. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे नंबर जोडण्यात गेली, आता जिभेला रजा मिळाली असं समजा.

तुम्ही मला येऊन राहायला सांगितलंत. मी येणार आहे. अडलंय ते एका भलत्याच गोष्टीवर, आणि ती वाचून तुम्ही हसाल.

हे गेल्यापासून मी आगगाडीत बसलेले नाही. ह्यांच्याबरोबर निम्मा संसार गाड्यांमध्येच झाला. गावोगावच्या दुकानांत जायचं, ह्यांनी वजनकाटा उघडून तपासायचा, मी वजनं पुसून एकेक हातात द्यायची. आणि परतीच्या गाडीत त्या छोट्या प्लेअरवरची गाणी, एका वायरीची दोन टोकं दोघांच्या कानांत. परवा मी तो प्लेअर कपाटातून काढला. प्लेअर चालतो, वायर सांध्यापाशी तुटली आहे. तुमच्याकडे यायचं म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. गाण्यांशिवाय एवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसले तर काय काय आठवेल याची मला धास्ती वाटते. स्पष्टच लिहिते.

म्हणून दुकानात गेले. मला वाटलं होतं, वायर मागायची, घ्यायची, घरी यायचं. तिथल्या बाईंनी विचारलं, कानात घालायचे हवेत, कानावर टेकणारे की पूर्ण कान झाकणारे. मग वायरवाले की बिनवायरीचे. मी म्हटलं, प्रवासात गाणी ऐकायची आहेत. तर म्हणाल्या, मग बाहेरचा आवाज मारणारे घ्या. मी विचारलं, मारतात म्हणजे करतात काय. त्यांनी समजावलं की आत बारीक माइक असतो, तो गाडीची घरघर ऐकतो आणि तिच्या बरोबर उलटा आवाज तयार करतो, मग दोघं मिळून शून्य. माझा विश्वास बसला नाही. आमच्या घरात दोन आवाज एकमेकांविरुद्ध उठले की शून्य कधी झालेलं नाही.

शेवटी दोन बाजूला काढून ठेवले. एकाच्या गाद्या लोण्यासारख्या मऊ, पण जड. दुसरे हलके, पण चष्म्याची काडी दाबतात. किंमत लिहीत नाही, तुम्हाला ओरडायची बंदी आहे. तुमची सगळी नोकरी कानाला यंत्र लावून गेली, तेव्हा तुम्हीच सांगा कुठले घेऊ. घेतले की लगेच तिकीट काढते.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

हसले. पण आवाज न करता हसायला लागतं, त्यामुळे पोट दुखलं.

मी इथे पाटीवर लिहून लोकांशी बोलते. गंमत अशी की मला बोलता येत नाही म्हटल्यावर सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. शेजारीण तर खाणाखुणा करते. काल तिने दूध संपलंय का हे विचारायला पूर्ण गाय करून दाखवली.

आता तुझ्या हेडफोनचं. एक, पूर्ण कान झाकणारे घेऊ नकोस. आम्हा एक्सचेंजवाल्यांचा एक कान यंत्राला आणि दुसरा जगाला. दोन्ही बंद करून बसलीस तर तुझं स्टेशन निघून जाईल आणि तू गाणी ऐकत समुद्रात पोचशील. दोन, दुकानात आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. चष्मा घालून, मान खाली करून, पुस्तक वाचताना बसतेस तशी बस आणि कानाच्या पाळ्या कधी दुखायला लागतात ते बघ. वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवताना तुझी मान असते तशीच. तीन, आणि हे महत्त्वाचं, त्यांनी लावलेलं गाणं ऐकू नकोस. ते लोक ढोल वाजणारं गाणं लावतात, त्यावर कुठलंही यंत्र भारी वाटतं. तुझं रोजचं, अक्षर न् अक्षर पाठ असलेलं गाणं लावायला सांग. त्यात एक सूर इकडचा तिकडे झाला की यंत्र खोटं.

माझी काळजी नको. डॉक्टर पुढच्या महिन्यात चोवीस तारखेला परत बघणार आहेत. बघणारच आहेत नुसते. तुझ्या सवडीने ये, घाई काही नाही.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं आणि आता माझं डोकं चालेनासं झालंय.

दुकानातल्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी खुर्ची दिली. मी आमचं घाटातलं गाणं सांगितलं. तुम्हाला माहीत नसेल, आम्ही त्याला तसं म्हणायचो, गाडी घाट चढायला लागली की हे तेच लावायचे. बाईंनी ते त्यांच्या फोनवर शोधून काढलं. मी मऊ गाद्यांचे हेडफोन घातले. बाईंनी बटण दाबलं आणि खरोखर दुकान नाहीसं झालं. पंखा गेला, रस्ता गेला, बाईंचे ओठ नुसते हलताना दिसत होते. मला आधी भीती वाटली आणि मग आवडलं.

मग गाणं सुरू झालं. बासरी आली, तबला आला, गाणाऱ्या बाईचा आवाज आला, सगळं ओळखीचं. आणि पहिलं कडवं संपायच्या आत मागून कोणीतरी व्हायोलिन वाजवायला लागलं. आमच्या गाण्यात व्हायोलिन नाही, वन्सं. मी ते गाणं इतक्या वेळा ऐकलंय की तबलेवाला कुठे श्वास घेतो ते सांगेन. आणि हे व्हायोलिन मध्येच घुसून भलतीकडेच चाललेलं, गाणं वर गेलं की ते खाली.

मी म्हटलं, हे बिघडलेत. बाईंनी दुसरे दिले. त्यांतही तेच. मग त्यांनी कपाटाला कुलूप लावून ठेवलेले, सगळ्यांत भारी काढले. त्यांत तर एका व्हायोलिनची चार झाली. मी विचारलं, जितका महाग तितका घोळ जास्त, असं आहे का. बाई म्हणाल्या, गाणं असंच आहे हो. मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कोणाचं तरी लावलंय. त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव दाखवलं. नाव बरोबर होतं.

घरी येऊन पुस्तक शिवायला घेतलं, वाचनालयाचं काम पडलंय. पण दोरा एका भोकातून दोनदा घातला. मला वाटायला लागलंय की माझे कान गेले. नाहीतर डोकं. जोडीदार गेल्यावर माणसाचं असं काही होतं असं मी कुठेतरी वाचलंय, पण त्यात व्हायोलिनचा उल्लेख नव्हता.

हे कळल्याशिवाय तिकीट कसं काढू? थोडं थांबा.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझे कान शाबूत आहेत. त्या दुकानाचं काहीतरी गौडबंगाल आहे. हे मी खात्रीने सांगते कारण अशा भानगडी निस्तरण्यात माझा जन्म गेला. आमच्याकडे याला लाइन मिसळणं म्हणायचे. दोन माणसं बोलत असायची आणि तिसराच कोणी मधूनच आपल्या म्हशीच्या व्यवहाराचं बोलायला लागायचा. त्या बिनवायरीच्या यंत्रात दुसऱ्या कोणाचं गाणं शिरत असणार. वायरवाले माग. आणि दुकानाचा फोन नको, दादाचा प्लेअर घेऊन जा. त्यात जी गाणी आहेत ती दादाने हाताने भरलेली, त्यांत बाहेरचं कोणी शिरणार नाही.

सुराची फसवणूक झाली म्हणून तू एवढी हबकलीस याचं मला हसू येतं. संसार कोणाबरोबर केलास? दादाचं आणि सुराचं जन्मात पटलं नाही. काटा उघडून बसला की तोंडाने काहीतरी वाकडंतिकडं सुरूच. आई म्हणायची, याला गप्प करा, वजन चुकेल.

मी बरी आहे. जेवण पातळ करून घेते. डॉक्टरांनी विचारलं, चोवीसला बरोबर कोण येणार. मी पाटीवर लिहिलं, शेजारीण. ते म्हणाले, घरचं कोणी असलेलं बरं. मी पाटी पुसली. ते आपले विचारायचं म्हणून विचारतात.

लाइनचं काय झालं ते कळव.

तुझी नणंद


६ मार्च

वन्सं,

लाइन मिसळली नव्हती. काय झालं ते सावकाश लिहिते, कारण मलाही ते लिहितानाच कळणार आहे.

मी ह्यांचा प्लेअर घेऊन गेले. वायरवाले हेडफोन लावले. ह्यांनी हाताने भरलेलं गाणं, आणि त्यातही तेच व्हायोलिन. मी हेडफोन काढून ठेवले आणि चष्मा पुसायला लागले. मी रडते की काय असं वाटून बाई बाजूला येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, एरवी तुम्ही हे गाणं कशावर ऐकायचात. मी सांगितलं, ह्याच प्लेअरवर, गाडीत, ह्यांच्या शेजारी बसून, एक टोक ह्यांच्या कानात, एक माझ्या. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कुठलं टोक असायचं. म्हटलं, नेहमी डावंच.

नेहमी डावंच, हे तुम्हाला सांगायला नको. लहानपणीच्या तापाने ह्यांचा डावा कान गेलेला. मग ते उजव्या कानात उजवं टोक घालणार आणि मी त्यांच्या उजवीकडे खिडकीशी बसणार, म्हणजे वायरही पुरायची आणि मी काही बोलले तर त्यांना ऐकूही यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात ठरलं ते ठरलं.

बाईंनी हेडफोन परत माझ्या डोक्यावर ठेवले आणि उजवा कान मोकळा केला. लगेच आमचं गाणं आलं. बासरी, तबला, गाणारी बाई. व्हायोलिन नाही. मग त्यांनी डावा मोकळा केला आणि उजवा लावला. बासरी गेली. गाणारी लांबून गात होती, आणि व्हायोलिन अगदी कानाशी.

गाणं दोन बाजूंनी भरतात म्हणे, वन्सं. काही वाद्यं या कानात, काही त्या कानात. हे दुकानात येणाऱ्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं आणि ह्यांनाही नसणार. आम्ही दोघं एकच गाणं ऐकतोय असं समजून सगळा संसार आम्ही वेगवेगळी गाणी ऐकत आलो.

आणि आता जे लिहिते ते नीट वाचा. ते व्हायोलिन मला परकं नव्हतं. दुसऱ्या वेळेला नुसतं तेवढंच ऐकलं तेव्हा मला कळलं की ही चाल मी ओळखते. काटा उघडून बसल्यावर हे जे वाकडंतिकडं गुणगुणायचे, जे ऐकून मी म्हणायची, अहो गाणं वर चाललंय, तुम्ही खाली कुठे निघालात, ती हीच. सूर न् सूर तोच. हे माझ्याकडे बघून म्हणायचे, नीट ऐक जरा. मला वाटायचं चेष्टा करतात. ह्यांना वाटत असणार मी चेष्टा करते.

बाईंनी मला पाणी दिलं.

आता खरी अडचण. बाई म्हणाल्या, कुठलेही घ्या, मी सोय करून देते, हवं तर एकच बाजू चालू ठेवता येईल, हवं तर दोन्ही बाजू एकत्र करून दोन्ही कानांना सारखंच ऐकवता येईल. मी तिथे उभी राहिले आणि मला काही ठरवता येईना. माझी बाजू तेवढी चालू ठेवली तर गाणं माझं आहे, पण आता मला माहीत आहे की पलीकडे काय वाजतंय आणि ते ऐकायला तिथे कोणी नाही. दोन्ही लावलं तर माझं गाणं मोडतं. आणि ह्यांची बाजूही मीच ऐकायला लागले तर मग ह्यांना शेजारी बसायला कारण काय राहिलं? हा प्रश्न शहाण्या माणसाचा नाही हे मला कळतं. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी गाडीत कशी बसू ते मला कळत नाही.

सकाळी वाटतं हलके घ्यावेत, संध्याकाळी वाटतं काहीच घेऊ नये. तुम्ही नीट विचार करून सांगा. तुमचं नुसतं बघणंच तर आहे चोवीसला, ते झालं की एप्रिलात निवांत येते.

तुमची वहिनी


१३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दादाचं वाचून काय वाटलं ते पत्रात मावणार नाही.

आता मी घाईत लिहिते आणि खरं लिहिते. चोवीसला बघणं नाही. चोवीसला दुसरं ऑपरेशन आहे. पहिल्यात काढलं ते पुरलं नाही, आता घशातली आवाजाची पेटीच काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात जीव राहील. आवाज राहणार नाही.

हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण तू घाबरून येऊ नयेस असं वाटलं, तुझ्या पायांनी यावंस. तू गाड्यांचं नाव काढत नव्हतीस, मग हेडफोनचं निघालं, मी म्हटलं चला, निदान निघायची भाषा तरी करते आहे. म्हणून मीही त्यात सल्ले देत बसले.

आणखी एक. बोलायची मला आता तेवढी बंदी नाही. थोडं थोडं बोलले तर चालेल असं महिन्यापूर्वीच सांगितलंय. आवाज फाटका निघतो आणि पाचदहा वाक्यांत बसतो, पण निघतो. तरी मी कोणाशी बोलत नाही. शेजारणीशी नाही, फोनवर तर नाहीच. मी तो राखून ठेवलाय. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली, माझं स्वतःचं असं फार थोडं बोलून झालं. जे आहे ते मला तुझ्याशी बोलायचं आहे, समोर बसून. तुझ्याशिवाय आमच्या घरातलं कोणी उरलेलं नाही.

हेडफोन कुठले घ्यायचे ते मला माहीत नाही. खरं तर पहिल्यापासून माहीत नव्हतं. आमच्या यंत्राला एकच कान होता.

ये.

तुझी नणंद


१९ मार्च, गाडीत

वन्सं,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्ही दार उघडाल तेव्हा तुमच्या हातात देणार आहे. ते आधी पूर्ण वाचा आणि मग तोंड उघडा. तुम्ही जे जे विचाराल ते सगळं मी यात लिहून टाकते आहे, म्हणजे त्यात तुमचा एक शब्दही जायला नको.

तुमचं पत्र परवा दुपारी आलं. वाचलं आणि तशीच स्टेशनवर जाऊन तिकीट काढून आले. तिथे रांगेत उभी असताना मला काही ठरवावं लागलं नाही. वाचनालयाची पुस्तकं न शिवता परत केली.

प्रवास बरा चाललाय. जागा खिडकीशी मिळाली. माझ्या डावीकडे एक शिक्षिका आहेत, त्यांच्या मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे आणि त्या मधूनमधून मान हलवतात. जेवण बांधून आणलं होतं, जेवले. पाय सुजलेले नाहीत. गोळी घेतली. औषध, चष्मा, शाल सगळं बरोबर आहे. किती दिवस राहणार हे विचारू नका, परतीचं तिकीट काढलेलं नाही.

हेडफोन घेतले. गाडीला वेळ होता तेवढ्यात दुकान गाठलं. पूर्ण कान झाकणारे, मऊ गाद्यांचे, जड. तुम्ही नको म्हणाला होतात तेच. घाट लागला तेव्हा ते घातले, दोन्ही कानांवर, काही बंद न करता, आणि ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. काय वाटलं ते तुम्ही नक्की विचाराल, म्हणून लिहिते. ते आमचं गाणं नव्हतं. माझंही नव्हतं, ह्यांचंही नव्हतं. कोणीतरी चांगल्या माणसांनी एकत्र बसून केलेलं ते एक चांगलं गाणं होतं, आणि दोन्ही बाजूंनी ऐकल्यावर व्हायोलिन खाली का जातं ते कळत होतं. मला वाटलं होतं रडू येईल. भूक लागली. मी अजून गोंधळलेलीच आहे, पण गोंधळ घेऊनही गाडीत बसता येतं असं दिसतंय.

परत लावलं नाही. हेडफोन पिशवीत आहेत. गाडीचा खडखडाट, चहावाला, शिक्षिकेची मान, सगळं ऐकत बसले आहे.

चोवीसला बरोबर मी येणार. डॉक्टरांना तसं सांगा. नको, सांगू नका, मीच सांगेन. घरची कोण म्हणून विचारलं तर काय सांगायचं ते मला माहीत आहे.

मी चहा करेन. डबे मला सापडतात. शेजारीण आली तर तिच्याशीही मीच बोलेन. तुम्ही त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसा, मी समोर बसते. मला मध्ये बोलायची सवय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तर या वेळी मी बोलणार नाही. काही कळलं नाही तरी विचारणार नाही. तुम्ही थांबलात तर थांबेन. तुम्हाला दादाबद्दल बोलायचं असेल, आईंबद्दल, त्या एक्सचेंजबद्दल, माझ्यावर काही राग असेल तर त्याबद्दल, किंवा नुसतं दूध संपलंय म्हणायचं असेल, तरी चालेल.

माझं सगळं लिहून झालं.

आता तुम्ही बोला.

वहिनी